सात घरांचं मांजर

मांजरी पिलांना सात घरं फिरवते, हे मराठी घरात कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. प्राणिशास्त्रालाही त्याचं नवल नाही. पिलं मोठी होऊ लागली, जागेला वास लागला, बोक्याची चाहूल लागली किंवा माणसांचा राबता वाढला की व्यालेली मांजरी पिलांची मानगूट तोंडात धरून त्यांना दुसरीकडे हलवते. घरं मोजून सात असतातच असं नाही. तीन असतील, पाच असतील. पण समजुतीमागचं निरीक्षण पक्कं आहे. मांजराचा संसार एका उंबऱ्यात मावत नाही, आणि तो मावावा अशी आपल्याकडे कुणाची फारशी अपेक्षाही नव्हती. ती अपेक्षा आता आली आहे. मांजराला घरातल्या माणसासारखं मानणारी पिढी शहरांबरोबर तालुक्याच्या गावांतही दिसू लागली आणि तिच्या मागोमाग मांजर हरवू नये म्हणून निघालेली यंत्रंही आली. कुठलं उपग्रहावरून ठिकाण सांगतं, कुठलं फोनवर ठिपका दाखवतं, कुठलं कातडीखाली बसतं. माझं म्हणणं असं की बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यासारख्या गावात मांजर सापडत नाही ते त्याचं ठिकाण कळत नाही म्हणून नव्हे. ते बहुतेक वेळा जवळच असतं. अडतं ते हे मांजर कुणाचं आहे, हे ठाऊक असलेलं माणूस आसपास उरलेलं नसतं म्हणून. ठिकाण सांगणारं यंत्र विकत मिळतं. मांजर ओळखणारं गाव विकत मिळत नाही, आणि पाटोद्यात तर निम्मं गाव वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतं.

पाटोदा म्हटल्यावर अनेकांना छत्रपती संभाजीनगरजवळचं आदर्श गाव आठवतं. ते हे नव्हे. हा बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला तालुका. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, सौताड्याला विंचरणा कड्यावरून खाली झेपावते, आणि गावातून जाणारा रस्ता एकीकडे जामखेडला तर दुसरीकडे मांजरसुंब्याला निघतो. (नदी मांजरा आणि फाटा मांजरसुंब्याचा; विषयाला साजेसा योगायोग, त्यापलीकडे काही नाही.) तालुक्यातच नायगावचं मयूर अभयारण्य आहे. 1994 साली मोरांसाठी राखलेलं, सुमारे 30 चौरस किलोमीटरचं हे झुडपी रान. बाकी मुलूख कोरडवाहू. बाजरी, ज्वारी, तूर, कापूस, अलीकडे सोयाबीन. घरं कुठे जुन्या माळवदाची, बरीचशी पत्र्याची, थोडी स्लॅबची. अशा घरात मांजर असतं ते शोभेला नव्हे. धान्याच्या कणगीला, पोत्यांच्या थप्पीला उंदीर लागतात म्हणून ते असतं. त्याला दूध-भाकरीचा तुकडा मिळतो, नाव मिळतंच असं नाही, आणि दार बंद करून त्याला आत ठेवायची कल्पना कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण दिवसभर दार बंद ठेवणं हीच मुळात तिथली रीत नाही. हे सगळं लक्षात न घेता मांजराच्या भटकण्यावर बोलू लागलो तर आपण दुसऱ्याच देशातल्या मांजराबद्दल बोलत राहू.

दुसऱ्या देशांतल्या मांजरांची माहिती मात्र भरपूर आहे आणि ती टाकून देण्यासारखी नाही. 2013 साली बीबीसीने लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या मदतीने सरे परगण्यातल्या शॅमली ग्रीन या खेड्यातल्या 50 मांजरांच्या गळ्यात जीपीएस बांधून त्यांचे रस्ते नकाशावर उतरवले. 2020 मध्ये रोलँड केज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या 925 पाळीव मांजरांच्या अशाच नोंदी एकत्र करून प्रसिद्ध केल्या. मांजराचा वावर सरासरी 3.6 हेक्टरांत, आपल्या भाषेत सांगायचं तर नऊ एकरांत निघाला, आणि बहुतेक मांजरांनी आपला बराचसा वेळ घराच्या अंगणापासून 100 मीटरच्या आत घालवला होता. रात्रभर गायब असलेलं मांजर कुठे कुठे हिंडून आलं असेल, याची जी चित्रं आपण मनात रंगवतो त्यांच्या मानाने हे फारच थोडं आहे. यावर लगेच आक्षेप येईल की ती पोटभर खाऊन सुस्तावलेली, बहुतांशी नसबंदी केलेली विलायती मांजरं; आपल्या अर्धपोटी मांजराला हे माप कसं लागू पडणार? आक्षेप बरोबर आहे. नसबंदी न झालेला बोका माजावर आलेल्या मांजरीच्या मागे नऊ एकरांची हद्द सहज ओलांडतो, आणि जिथे घरात खायला कमी मिळतं तिथे मांजर शेताच्या बांधापर्यंत जाणारच. तरीही मांजराचं मूळ गणित बदलत नाही. ते अन्न आणि आडोसा या दोन गोष्टींभोवती फिरतं. पाटोद्याच्या वस्तीत या दोन्ही गोष्टी एकमेकांना लागून असलेल्या आठ-दहा घरांत मिळतात, म्हणजे हद्द थोडी मोठी झाली तरी तिचा मध्य तिथेच राहतो.

हरवलेल्या मांजरांबद्दलची आकडेवारी याहून बोलकी आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी 2018 मध्ये 1,210 हरवलेल्या मांजरांच्या मालकांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे एक तृतीयांश मांजरं पहिल्या सात दिवसांत जिवंत सापडली, वर्षभरात 61 टक्के. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं ती जिथून नाहीशी झाली त्या जागेपासून 500 मीटरच्या आत होती. आणि ज्या शोधपद्धतीचा जिवंत सापडण्याशी स्पष्ट संबंध दिसला ती कुठली, तर स्वतः पायी हिंडून नीट शोधणं. हे वाचायला साधं वाटतं, पण करायला कुणी बसत नाही, कारण आपण मांजराला हाक मारतो, ते ओ देत नाही आणि आपण ठरवतो की ते इथे नाही. घाबरलेलं किंवा जखमी मांजर ओ देत नाही. कुत्रं मागे लागलं, फटाका वाजला, ट्रॅक्टरचा धक्का बसला की ते मिळेल त्या सांदीत शिरतं आणि दोन-दोन दिवस हूं की चूं करत नाही. मालकाची पावलं हातभर अंतरावरून गेली तरी नाही. म्हणून शोध घ्यायचा तो रात्री, गाव निजल्यावर, बॅटरी घेऊन. उजेड डोळ्यांच्या उंचीवर न धरता जमिनीलगत फिरवायचा. कडब्याच्या गंजीच्या तळाशी, सरपणाच्या ढिगामागे, पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत, शेजाऱ्याने सकाळी कुलूप घातलेल्या कोठीत, विहिरीच्या कपारीत. दोन हिरवट ठिपके चमकले की थांबायचं. मांजराच्या डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे ते अंधारात स्वतःचा पत्ता असा देतं. यात एक पैसा खर्च नाही. पण शेजाऱ्याच्या कोठीचं कुलूप काढायला शेजारी हवा, हे इथेच लक्षात ठेवायला हवं.

आता यंत्रांकडे वळू. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा उंदरांच्या सभेतला प्रश्न आता माणसांच्या घरात आला आहे, आणि घंटेची जागा तीन वेगवेगळ्या वस्तूंनी घेतली आहे. त्यांची सरमिसळ इतकी होते की लोक एकीकडून दुसरीची अपेक्षा करून बसतात. पहिली वस्तू जीपीएसचा पट्टा. तो उपग्रहांचे संकेत घेऊन स्वतःचं ठिकाण काढतो आणि आतल्या सिमकार्डाने ते तुमच्या फोनवर पाठवतो. त्याला वर मोकळं आकाश लागतं, खाली मोबाइलचं नेटवर्क लागतं, दर थोड्या दिवसांनी चार्जिंग लागतं आणि बहुधा दरमहा वर्गणी. मांजर पत्र्याखाली, कोठीत किंवा विहिरीच्या कपारीत शिरलं की आकाश गेलं, डोंगराच्या घळीत गेलं की नेटवर्क गेलं. म्हणजे ज्या जागी मांजर अडकण्याची शक्यता जास्त, नेमक्या त्याच जागी पट्टा मुका होतो. वजनाचाही प्रश्न आहे. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये मांजरांवर जड-हलके पट्टे बांधून पाहिलं तेव्हा जड पट्ट्याने मांजराच्या फिरण्यावर परिणाम झाल्याचं दिसलं आणि शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत यंत्र ठेवावं असा त्यांचा सल्ला होता. तीन किलोच्या धडधाकट बोक्याला 60 ग्रॅम चालतील. दीड किलोच्या किडकिडीत भाटीला 30 ग्रॅमच. दुसरी वस्तू ब्लूटूथचा टॅग. अ‍ॅपलने 2021 मध्ये आणलेला एअरटॅग हा त्यातला प्रसिद्ध. त्याला स्वतःचं ठिकाण कळतच नाही. जवळून जाणाऱ्या त्याच कंपनीच्या फोनांनी त्याची कुजबुज ऐकून ती पुढे कळवायची, अशी ती रचना आहे. किल्ल्या आणि बॅगांसाठी केलेली ही वस्तू मुंबईच्या लोकलमध्ये उत्तम चालेल. पाटोद्याच्या शिवारात रात्री दोन वाजता बांधावरून आयफोन घेऊन कोण जाणार आहे?

तिसरी वस्तू मायक्रोचिप, आणि तिच्याबद्दलचा गैरसमज सर्वांत मोठा. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप खांद्याच्या मध्ये कातडीखाली टोचतात. तिच्यात बॅटरी नाही, ती कुठलाही संकेत पाठवत नाही, उपग्रहाला तिचा पत्ता नाही. वाचणारं यंत्र काही सेंटिमीटरांवर आणलं की ती आपला 15 अंकी क्रमांक सांगते, बस्स. मांजर कुठे आहे हे तिला सांगता येत नाही. ते कुणाचं आहे एवढंच ती सांगते. म्हणून बरेच लोक तिला कमी लेखतात. मला उलट वाटतं. इंग्लंडने 10 जून 2024 पासून 20 आठवड्यांवरच्या प्रत्येक पाळीव मांजराला चिप सक्तीची केली. जीपीएस सक्तीचा केला नाही. मांजर सापडणं हे बहुतेक वेळा आपोआप होतं, कुणाच्या ना कुणाच्या दारात ते येऊन बसतंच; अडतं ते पुढे. अमेरिकेत 2012 च्या अखेरीस फ्लोरिडातलं एक मांजर सुमारे 300 किलोमीटर दूर हरवून दोन महिन्यांनी स्वतःच्या गावात परतलं. ते थकून तिथल्या एका परक्या घरी पोचलं होतं, आणि तेच ते हरवलेलं मांजर हे चिपमुळे सिद्ध झालं.

घरचं उदाहरण हवं असेल तर तेही आहे, आणि ते मार्जारकुळातलंच आहे. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या वर काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातला हा नर पुढे आजोबा या नावाने महाराष्ट्राला ठाऊक झाला. 2014 मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. घाटात सोडलेला आजोबा सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात गेला. हे कळलं ते पट्ट्यामुळे, आणि त्या माहितीचं मोल मोठं होतं: बिबट्या पकडून लांब सोडला की प्रश्न मिटला, या सरकारी समजुतीला त्या वाटचालीने धक्का दिला. पण पट्ट्याचं आयुष्य थोडं. 2011 च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेलेला बिबट्या म्हणजे आजोबाच, हे पटवलं त्याच्या शरीरातल्या चिपने. शास्त्रज्ञाला काही आठवडे माग काढण्यासाठी जीपीएस लागतो, आणि तो लागावाच. वर्षानुवर्षं एखादा जीव कोण होता हे सांगायला मात्र दुसरीच खूण लागते.

पाटोद्याच्या मांजराजवळ अशी खूण कुठे आहे? चिप टोचायची सोय असली तरी ती वाचणारं यंत्र गावोगावी नाही, आणि वाचल्यावर तो क्रमांक कुणाच्या नावाशी जोडायचा ती यादीही नाही. तरी आजवर मांजरं घरी येत आली, कारण खूण मांजराच्या अंगावर नसून शेजाऱ्यांच्या डोक्यात होती. शेपटीचं टोक तुटलेलं ते अमक्यांचं, कपाळावर पांढरा टिळा असलेली भाटी तमक्यांची, ती यंदा कुणाच्या माळ्यावर व्याली, बोका कुणाच्या चुलीमागे झोपतो, हे वस्तीतल्या बायकांना आणि पोरांना तोंडपाठ असतं. सात घरं फिरणाऱ्या मांजराची नोंद सात घरांत असते. माग काढण्याची ही व्यवस्था कुठल्याही पट्ट्याहून सरस आहे. तिला चार्जिंग लागत नाही आणि बंद कोठीचं कुलूप काढायची तिची तयारी असते. अडचण एवढीच की दसरा-दिवाळीच्या सुमारास ती मोडते. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी हा सगळा ऊसतोड कामगारांचा पट्टा. मुकादमाकडून उचल घेतलेली टोळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांवर निघते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. सोबत भांडी, पांघरुणं, लहान मूल, बैलगाडीवाल्यांचे बैल. शाळेतली पोरं काही सोबत, काही हंगामी वसतिगृहात. म्हातारी माणसं मागे. मांजर सहसा मागेच राहतं, कारण ट्रॉलीत ते थांबत नाही आणि उसाच्या फडाशेजारच्या कोपीत त्याला नेऊन सोडलं तर पहिल्याच रात्री ते बिथरून उसात शिरेल. सातपैकी चार घरांना कुलूप लागतं. उरलेल्या तिघांकडे आधीच दोन-दोन मांजरं असतात.

कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं म्हणून आपण याकडे काणाडोळा करतो. घर तिथेच आहे, मांजराचं काय अडलं? हे अर्धंच खरं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात झालेल्या प्रयोगात सुमारे 64 टक्के मांजराच्या पिलांनी आपल्या माणसाशी लहान मुलासारखी सुरक्षित जवळीक दाखवली. 2021 मध्ये जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या साहो ताकागी आणि सहकाऱ्यांनी मांजराला मालकाचा आवाज एका जागेहून आणि लगोलग दुसऱ्याच जागेहून ऐकवला, तेव्हा मांजर चक्रावलं. मालक कुठे आहे याचा नकाशा ते न पाहताही मनात ठेवत होतं. आपण मांजराचा माग काढायची यंत्रं शोधतो आहोत आणि मांजर आपला माग फुकट काढत असतं. कुलूपबंद घराच्या ओसरीत ते काही दिवस बसतं, मग भूक त्याला उठवते. ते बाजारपेठेच्या उकिरड्यावर, हॉटेलाच्या मागच्या दारी, शेतवस्तीवर किंवा रानात सरकतं. वाटेत मोकाट कुत्री, रस्त्यावरच्या गाड्या, आणि औषध घालून मारलेले उंदीर आहेत. विषारी उंदीर खाऊन मेलेल्या मांजराचा हिशेब कुणी ठेवत नाही. ते भटकलं असंच म्हटलं जातं. वैशाखात कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळी परतते तेव्हा मांजर नसतं. अशा मांजराला भटकं म्हणावं का, हा प्रश्न मला पडतो. भटकायला माणसं गेली होती.

शेजाराचं हे कौतुक फार गोड करून सांगितलं, असं कुणी म्हणेल. हेच शेजारी पिलं जड झाली की पोत्यात घालून शेजारच्या गावच्या वेशीवर सोडून येतात, हेही सांगा ना. सांगतो. ती प्रथा आहे, आणि सोडून आलेलं मांजर परत आल्याच्या कथाही गावोगाव आहेत. प्रौढ मांजराला काही किलोमीटरांवरून परतता येतं, पण पिलाला येत नाही, आणि कथा परतलेल्यांच्याच होतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी त्याला 10 ते 50 रुपये दंड आहे. त्या दंडाला आता कोण भितो? परंतु या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही. पोत्यात भरलं जातं ते कुणाचंच नसलेलं मांजर. ज्याच्या गळ्यात कुणाचा तरी नंबर आहे त्याला पोत्यात घालताना हात थबकतो, निदान त्या नंबरावर आधी एक फोन जातो. मालकी दिसली की शेजार चांगला वागतो. माणसाच्या स्वभावावर याहून जास्त भरवसा मी ठेवलेला नाही.

दुसरा आक्षेप पक्षीमित्रांचा, आणि तो मला जास्त जड वाटतो. ते म्हणतात, मांजर शोधायचं कशाला, मुळात मोकळं सोडायचंच कशाला? 925 मांजरांच्या त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की वावर लहान असल्यामुळे मांजराचा सगळा मारा त्या लहान जागेवर पडतो; घराभोवतीच्या पट्ट्यात त्याची शिकार तेवढ्याच आकाराच्या रानटी शिकाऱ्याच्या दोन ते दहापट भरते. नायगावच्या रानात मोर जमिनीवर घरटं करतो. लावे, तितर, चंडोल यांचंही तसंच. मोठ्या मोराला मांजराची भीती नाही, पिलांना आहे. जर्मनीतल्या वालडॉर्फ गावात 2022 मध्ये तुरेवाल्या चंडोलाच्या विणीच्या काळात मांजरं घरात कोंडायचा हुकूम निघाला. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत 1 जुलै 2022 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मांजरं आवाराबाहेर सोडता येत नाहीत. हे नियम पाटोद्यात आणून ठेवले तर ते पहिल्याच आठवड्यात हास्यास्पद ठरतील. माळवदाच्या घरात मांजर कोंडणं शक्य नाही आणि कोंडलं तर उंदीर कोण धरणार? पण आक्षेपाचा गाभा मी मान्य करतो. रानात शिरतं ते मुख्यतः उपाशी, कुणाचंच नसलेलं आणि दर वर्षी वीत राहणारं मांजर. खाऊ घातलेलं, नसबंदी केलेलं मांजर वस्तीला धरून राहतं. म्हणजे मोरांच्या बाजूने विचार केला तरी आपण फिरून त्याच जागी येतो: या मांजराला हंगामाचे पाच-सहा महिने कुणी धनी आहे का? जाता जाता ऊसतोडीचीच एक गोष्ट. फडात ऊस तोडताना कधी कधी करड्या, ठिपकेदार पिलांचा वेत सापडतो. ती घरच्या मांजराची नसून वाघाटीची असू शकतात, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एकाची, आणि कायद्याने तिला बिबट्याइतकंच संरक्षण आहे. जुन्नर भागात वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस यांनी अशी पिलं सापडल्या जागीच ठेवून आईशी भेट घडवली आहे. ती घरी आणायची नसतात.

सरकारच्या लेखी मांजर नाही, हेही सांगायला हवं. पाटोदा तालुक्यातल्या गाई-म्हशीच्या कानात 12 अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आहे. लसीकरण, विक्री, वाहतूक त्या क्रमांकावर चालते. देशाच्या पशुगणनेत कुत्रा मोजतात, ससा मोजतात, हत्तीही मोजतात. मांजर मोजत नाहीत. पुणे महापालिकेने 2022 मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी बंधनकारक करायचं ठरवलं तेव्हा शहरातले लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. दिसते ती एवढीच उणीव की हा विचार महापालिकांपाशी थांबला. रेबीज मुख्यतः कुत्र्यापासून होतो, पण तो झालेलं मांजरही चावतं, आणि ते कुणाचं, त्याला लस दिली होती का, हे विचारायला कुणी नसेल तर चावलेल्या पोराला इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घेण्यावाचून गत्यंतर नसतं. दुष्काळी तालुक्यात, जिथे माणसंच पोटासाठी गाव सोडतात, तिथे मांजराची चिंता करणं ही चैन आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा. धान्याच्या कणगीचा हिशेबही त्यातच धरावा.

करायचं ते फार नाही. गळ्यात कापडी पट्टा, आणि तो ओढ बसताच सुटणाऱ्या चापाचा, नाहीतर बाभळीच्या फांदीत अडकून मांजर जिवाला मुकेल. पट्टा टिकत नाही हा समज फोल आहे: ओहायो स्टेट विद्यापीठाच्या 2010 च्या पाहणीत 538 मांजरांपैकी 391 मांजरांनी सहा महिने पट्टा वागवला, आणि पाय किंवा जबडा अडकण्यासारखा त्रास 18 मांजरांना झाला. सहा महिने म्हणजे जवळपास एक ऊसतोड हंगाम. पट्ट्यावर पक्क्या शाईने फोन नंबर लिहावा, पण फडावर गेलेल्या धन्याचा एकट्याचा नव्हे. मागे राहणाऱ्या शेजाऱ्याचा आधी. कोल्हापूरच्या उसातून फोन उचलता येतो, मांजर उचलता येत नाही. त्या शेजाऱ्याकडे मांजराचा फोटो असावा, दोन पायली बाजरी असावी आणि हे मांजर हंगामभर तुझं, असं त्याला तोंडाने सांगितलेलं असावं. नसबंदीची सोय तालुक्याला रोज मिळणं अवघड आहे, हे मान्य. तिथले पशुवैद्यकीय दवाखाने गाई-गुरांसाठी उभे आहेत. पण वर्षातून एक दिवस ती होऊ शकते. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन बहुतेक वर्षी दसऱ्याच्या आधी, टोळ्या गावात असतानाच येतो. नगरपंचायतीने आणि पशुवैद्यकीय दवाखान्याने त्या दिवशी मांजरांसाठी लस, नसबंदी आणि पट्ट्याचं शिबिर घ्यावं, आणि ज्या घरांना कुलूप लागणार आहे त्यांची मांजरं आधी तपासावीत.